किताब, पद आणि आडनाव : करवीर दरबार व पूर्व आशियातील सरदारी पदव्यांचा एक आढावा

सरदारी पदव्यांच्या अभ्यासात दोन प्रश्न सहज एकमेकांत मिसळतात. शब्द कोणत्या भाषेतून आला, हा पहिला प्रश्न. आणि तो शब्द नावापुढे लावणारा माणूस दरबारात कोठे बसत असे, हा दुसरा. चीन, जपान, कोरिया व व्हिएतनाम या देशांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देता येते असे निदान वरवर पाहता वाटते, कारण तेथे चिनी लिपीतील पाच अक्षरांची एक उतरंड सर्वांनी मान्य केलेली आहे आणि अक्षर कळले की पायरी कळते. करवीर राज्याच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या दरबारातील पदव्यांना हे लागू पडत नाही. तेथे फारसी, अरबी, संस्कृत आणि मराठी शब्द एकाच पंगतीला बसलेले आढळतात आणि नुसत्या शब्दावरून कोणाचा मान मोठा हे सांगता येत नाही. हा फरक पूर्वेकडील व्यवस्थेच्या शिस्तीचा आणि दख्खनच्या गोंधळाचा आहे, असा समज इंग्रजी अमदानीतील लेखनातून रूढ झाला. प्रस्तुत आढाव्याचे म्हणणे असे की करवीरची व्यवस्था गोंधळलेली नव्हती. तिची श्रेणी शब्दांत नव्हे, अन्य खुणांत लिहिलेली होती, आणि चिनी उतरंडही जितकी जुनी व सलग मानली जाते तितकी ती मुळात नव्हती.

या विषयासाठी कोल्हापूरचा परिसर विशेष सोयीचा आहे. शहराच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावरील कळंबा हे करवीर तालुक्यातील गाव मध्यभागी धरले, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर पंत अमात्यांचा बावडा, वायव्येला पंत प्रतिनिधींचा विशाळगड, आग्नेयेला घाटग्यांचे कागल, त्याच तालुक्यात पुढे सेनापती घोरपड्यांची कापशी आणि पूर्वेला घोरपड्यांचीच इचलकरंजी, अशी पाच प्रमुख जहागिरींची ठाणी आजच्या एका जिल्ह्यात सापडतात. यांखेरीज तोरगलचे शिंदे सेनाखासखेल, हिंमतबहादूर चव्हाण आणि सरलष्कर बहादूर ही घराणी करवीरच्या मानकऱ्यांत मोडत. एवढ्या लहान राज्यात एवढ्या भिन्न मुळांच्या पदव्या एकाच वेळी चालू असल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच दाखवता येईल.

प्रथम पूर्वेकडील व्यवस्था पाहू. चिनी परंपरेतील पाच पदव्या उतरत्या क्रमाने गोंग, हौ, बो, त्झ आणि नान अशा आहेत. मेन्शियसच्या ग्रंथात आणि कन्फ्यूशियन विधिग्रंथांत त्या झौ राजांनी घालून दिलेली श्रेणी म्हणून सांगितल्या आहेत. मात्र हे ग्रंथ ज्या काळाविषयी बोलतात त्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. झौ काळातील काशाच्या भांड्यांवरचे कोरीव लेख अभ्यासले जाऊ लागल्यावर निराळे चित्र पुढे आले. त्या लेखांत गोंग हा राजदरबारातील अत्यंत ज्येष्ठ पुरुषांसाठी येतो, हौ हा सरहद्दीकडच्या प्रदेशावर नेमलेल्या अधिपतीसाठी, तर बो याचा मूळ अर्थ थोरला भाऊ असल्याने तो कुळातील वडीलकी दाखवतो. त्झ म्हणजे मुलगा आणि नान म्हणजे पुरुष. म्हणजे एक शब्द ज्येष्ठतेचा, एक नेमणुकीचा, एक भावकीतील थोरलेपणाचा, आणि उरलेले दोन साधे नातेवाचक किंवा पुरुषवाचक; त्यांना एका दोरीत ओवून शिडी बनवण्याचे काम उत्तरकालीन लेखकांनी केले, असे मत आता बऱ्याच संशोधकांना मान्य आहे. चीनमध्येही भिन्न उगमांचे शब्द आधी होते आणि श्रेणी मागाहून आली, ही बाब करवीरकडे वळण्यापूर्वी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

शिडी एकदा तयार झाल्यावर मात्र तिचा वापर राज्यकर्त्यांनी कसोशीने केला. छिन राज्याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात, शांग यांग या मंत्र्याच्या सुधारणांच्या काळापासून, वीस पायऱ्यांची स्वतंत्र श्रेणी उभारली आणि तीत रणांगणावरील पराक्रमाने सामान्य सैनिकालाही वर चढता येत असे. इ.स.पूर्व २२१ मध्ये छिनच्या राजाने वांग, म्हणजे राजा, हे बिरुद अपुरे मानून हुआंगदी हे नवे सम्राटवाचक बिरुद घेतले, आणि त्यानंतर हान काळात वांग हे नाव सम्राटाच्या पुत्रांना व आप्तांना देण्याइतके खाली आले. वीस पायऱ्यांतील सर्वांत वरच्या पदवीत पुढे गादीवर आलेल्या वू सम्राटाच्या खाजगी नावाचे अक्षर येत होते, म्हणून ती पदवीच बदलण्यात आली. सम्राटाचे नाव उच्चारू नये या दंडकापुढे पदवीलाही माघार घ्यावी लागली.

वारसाहक्काच्या बाबतीत चिनी व्यवस्थेने काढलेली तोड मराठी वाचकाला नवी वाटेल. छिंग राजवटीत राजवंशातील पुरुषाची पदवी सामान्यतः प्रत्येक पिढीला एक पायरी उतरत असे, त्यामुळे काही पिढ्यांत घराणे तळाशी पोहोचे आणि खजिन्यावरील भार आपोआप कमी होई. ज्या मोजक्या घराण्यांना या उतरणीतून सूट होती त्यांना लोक लोखंडी टोपीचे राजे म्हणत. त्यांची संख्या आरंभी आठ होती आणि अखेरीस बारा झाली. याच सुटीचे सर्वांत चिवट उदाहरण कन्फ्यूशियसच्या वंशजांचे आहे. १०५५ साली सोंग सम्राटाने त्यांना दिलेली यान्शेंग गोंग ही पदवी राजवटी बदलल्या तरी टिकली आणि प्रजासत्ताक आल्यानंतरही १९३५ पर्यंत चालू राहिली.

चिनी अक्षरे जेथे जेथे गेली तेथे ही पाच नावे गेली, उच्चार तेवढे बदलले. व्हिएतनामीत ती कोंग, हऊ, बा, तू, नाम अशी झाली. कोरियात गोऱ्यो काळात ती वापरात होती. जोसेओन राजवटीने मात्र ती टाकून राजपुत्रांसाठी देगुन आणि गुन ही बिरुदे योजली, त्यांपैकी पहिले पट्टराणीच्या मुलांना आणि दुसरे अन्य राण्यांच्या मुलांना मिळे. चिनी सम्राटाचे मांडलिकत्व मानणाऱ्या राजाने त्याच्याच सरदारांची नावे आपल्या घरात वापरू नयेत, हा विचार त्यामागे होता.

जपानची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे प्राचीन काळी कुळांना काबाने नावाची वंशपरंपरागत बिरुदे असत आणि ६८४ साली तेम्मु सम्राटाने त्यांची आठ दर्जांत फेरमांडणी केली. पुढे सत्ता योद्ध्यांच्या हाती गेल्यावर दरबारी पदे नाममात्र उरली. एखाद्या प्रांताचा कामी, म्हणजे सुभेदार, ही पदवी त्या प्रांताशी काडीचाही संबंध नसलेल्या सरदाराला मिळू लागली आणि सरदाराची खरी मोजदाद त्याच्या जमिनीत पिकणाऱ्या भातावरून होऊ लागली. कोकु या धान्यमापाने दहा हजारांवर उत्पन्न असलेला तो दाइम्यो, हे टोकुगावा काळातील ठोकळ गणित होते. १८६९ मध्ये दरबारी उमराव आणि दाइम्यो यांना एकत्र करून काझोकु हा एकच उच्च वर्ग बनवण्यात आला आणि १८८४ मध्ये त्याला पाच दर्जे देण्यात आले. त्या दर्जांसाठी निवडलेली नावे म्हणजे तीच पाच चिनी अक्षरे. युरोपातील राजदरबारांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्यासाठी जपानला उमरावांची पंचपदरी श्रेणी हवी होती, आणि ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी विधिग्रंथांतून उचलण्यात आली. या निवडीत एक अडचण राहिली : पहिल्या दोन पदव्यांचा जपानी उच्चार एकच, कोशाकु, असल्याने डोळ्यांना दिसणारा भेद कानाला कळत नसे. १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केल्यावर जपानने तेथील राजघराण्याच्या आप्तांना व मंत्र्यांना याच पदव्या वाटल्या. काहींनी त्या नाकारल्या, आणि ज्यांनी स्वीकारल्या त्यांची नावे कोरियात आजही रोषाने घेतली जातात.

करवीरच्या पदव्यांकडे येताना प्रारंभ १६७४ च्या राज्याभिषेकापासून करावा लागतो. शिवाजी महाराजांनी त्या प्रसंगी अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत नावे प्रचारात आणली : पेशवा हा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती. याच धोरणातून राज्यव्यवहारकोशाची रचना झाली, ज्यात कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. १८८४ च्या जपानी निर्णयाशी या घटनेचे नाते स्पष्ट आहे. दोन्ही ठिकाणी नव्याने सार्वभौम म्हणवणाऱ्या सत्तेने आपल्या पदांसाठी प्राचीन आणि प्रतिष्ठित भाषेचा आधार घेतला. भेद असा की जपानने वंशाला नावे दिली आणि शिवाजी महाराजांनी कामाला. अमात्य म्हणजे जमाखर्च पाहणारा, सचिव म्हणजे पत्रव्यवहार पाहणारा; पद वंशपरंपरागत असू नये आणि त्यासाठी जमीन तोडून देऊ नये, असाच त्यांचा दंडक होता.

हा दंडक राजाराम महाराजांच्या काळात टिकला नाही, आणि त्याचे कारण नैतिक घसरण नसून युद्ध होते. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता, राजा जिंजीच्या किल्ल्यात होता, खजिना रिता होता, आणि मोगलांच्या मनसबीचे आमिष रोज पुढे येत होते. अशा वेळी सरदारांना देण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या : अद्याप जिंकायच्या मुलखाची सनद आणि किताब. संताजी घोरपडे यांना ममलकतमदार, त्यांचे बंधू बहिर्जी यांना हिंदुराव, मालोजी यांना अमीर-उल-उमराव आणि विठोजी चव्हाण यांना हिंमतबहादूर हे किताब बादशहाच्या छावणीवरील धाडसी छाप्याबद्दल मिळाल्याचे परंपरा सांगते. महाराष्ट्रात राहून राज्य सावरणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपनाह, म्हणजे सत्तेचे आश्रयस्थान, हा किताब मिळाला. जिंजीत प्रल्हाद निराजी यांच्यासाठी प्रतिनिधी हे पद नव्याने निर्माण झाले आणि ते पेशव्याहूनही वरचे ठरले. संस्कृत पदनामांची परंपरा चालू असतानाच फारसी किताबांची भर पडली, ती विस्मृतीमुळे नव्हे. हे किताब शत्रूच्या गोटातही समजत, आणि मोगलांनी देऊ केलेल्या मानाच्या तोडीचा मान मराठा राजाही देऊ शकतो हे त्याच भाषेत सांगणे भाग होते.

पुढे ताराबाईंच्या काळात आणि १७३१ च्या वारणेच्या तहानंतर कोल्हापूर व सातारा ही दोन राज्ये कायमची वेगळी झाली, तेव्हा पदव्यांचीही वाटणी झाली. छत्रपती दोन झाले आणि प्रतिनिधीही दोन : प्रतिनिधी परशुराम त्र्यंबक यांच्या एका मुलाची शाखा विशाळगडास कोल्हापूरकडे राहिली, दुसऱ्याची साताऱ्याकडे, जिचे पुढे औंध संस्थान झाले. चिनी व्यवस्थेत असा प्रसंग आला असता एका सम्राटाने दुसऱ्याच्या सर्व पदव्या खोट्या ठरवल्या असत्या. कोल्हापूर आणि साताऱ्याने तसे केले नाही, कारण पदवी गादीशी बांधलेली होती तशीच घराण्याशीही बांधलेली होती.

कागलकर घाटग्यांच्या पदव्या या थरांचा उत्तम नमुना आहेत. सर्जेराव हा किताब विजापूरच्या आदिलशाहीतील, उग्र सिंह या अर्थाच्या शर्जा या शब्दाला राव जोडून झालेला. वजारतमाब हे वजिरीचे निवासस्थान अशा अर्थाचे अरबी-फारसी संबोधन. आणि घरात व दरबारात प्रत्यक्ष हाक मारताना मात्र आबासाहेब, बापूसाहेब ही नाती. राजर्षी शाहूंचे जनक वडील जयसिंगराव हे आबासाहेब घाटगे आणि बंधू पिराजीराव हे बापूसाहेब घाटगे म्हणूनच ओळखले गेले. नातेवाचक शब्दाला साहेब जोडून मान दाखवण्याची ही रीत दुय्यम समजली जाते, परंतु ज्या बो आणि त्झ यांना चीनने उमरावांच्या श्रेणीत बसवले तेही मुळात थोरला भाऊ आणि मुलगा हेच होते. कोल्हापुरात नात्याचा शब्द नात्याजवळच राहिला, त्याची सनद झाली नाही, एवढाच फरक. याच घराण्यातील हिंदुराव घाटगे, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या टेकडीवर राहिले आणि तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयाला आजही हिंदुराव हेच नाव आहे. कागलच्या घराण्यातील एक किताब तिकडे रोज उच्चारला जातो आणि उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो किताब असल्याचे ठाऊक असते.

इचलकरंजीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. नारो महादेव जोशी हे कोकणातून आलेले ब्राह्मण संताजी घोरपड्यांच्या सेवेत वाढले आणि त्यांनी आपल्या धन्याचे घोरपडे हे आडनाव स्वीकारले. पुढे त्यांच्या मुलाचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या कन्येशी, अनुबाईशी झाला आणि ब्राह्मण घोरपड्यांचे संस्थान उभे राहिले. येथे आडनावानेच पदवीचे काम केले. याला पूर्वेकडे नेमका जोड आहे. मिंग घराण्याचा पक्ष घेऊन मांचूंशी लढणाऱ्या झंग चंगकोंग या सेनानीला १६४५ मध्ये मिंग सम्राटाने स्वतःचे झू हे आडनाव बहाल केले. तेव्हापासून लोक त्याला राजनामाचा धनी अशा अर्थाच्या बिरुदाने ओळखू लागले आणि त्या बिरुदाचा अपभ्रंश कोक्सिंगा हा युरोपीय ग्रंथांतून जगभर गेला. जपानमध्ये टोकुगावा शोगुन आपले मात्सुदाइरा हे आडनाव निष्ठावंत सरदारांना देत.

शब्दांत श्रेणी नसेल तर ती होती कोठे, हा प्रश्न आता घेता येतो. तिचे उत्तर दरबाराच्या मांडणीत आहे. गादीच्या उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण, विडा कोणाला आधी, अबदागीर, चवरी, पालखी, नौबत आणि जरीपटका यांपैकी काय काय बाळगण्याचा अधिकार, ताजीम म्हणजे राजाने उठून मान देणे मिळते की नाही, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाच्या स्वारीत हत्ती कितवा, यांवरून मान ठरत असे आणि या बाबींवरून घराण्यांत कडाक्याचे वाद होत. वारसाने नजराणा भरून वस्त्रे आणि शिक्के स्वीकारले की पद त्याच्याकडे आले असे मानले जाई. पुत्र नसल्यास दत्तक घेऊन तेच पद त्याच उंचीवर चालू राही. छिंग व्यवस्थेतील दरपिढीची उतरण येथे कधीच नव्हती. शिक्क्याचे महत्त्व पूर्वेकडेही तेवढेच होते. हान सम्राटाने इ.स. ५७ मध्ये जपानमधील एका राजाला दिलेली म्हणून ओळखली जाणारी सोन्याची मुद्रा १७८४ साली शिकानोशिमा बेटावर सापडली, आणि त्या राजाच्या मानाचा तेवढाच प्रत्यक्ष वस्तुरूप पुरावा उरला आहे.

श्रेणी दाखवण्यासाठी मोगलांनी मनसबीचे आकडे वापरले. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना मिळालेली मनसब पंचहजारी होती. इंग्रजांनी तोफांच्या सलामीचे आकडे वापरले आणि त्यांत कोल्हापूरला एकोणीस तोफांचा मान मिळाला. जपानचा कोकुही आकडाच. म्हणजे ज्यांना काटेकोर श्रेणी हवी होती त्यांपैकी अनेकांनी शब्द सोडून संख्येकडे धाव घेतली, हे सूत्र या आढाव्यातून ठळकपणे दिसते. इंग्रजी दप्तराने करवीरच्या नऊ जहागीरदारांना मांडलिक असे एकच लेबल लावले, तेव्हा अमात्यपद, सेनापतिपद, किताब आणि आडनाव हे चारही प्रकार एका रकान्यात गेले आणि पुढील काळातील स्थानिक इतिहासलेखनानेही तोच रकाना पुष्कळदा जसाचा तसा उचलला. ही हानी लहान नाही.

किताब देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला कोल्हापुरातच एक वेगळे उत्तर मिळाले. शाहू महाराजांना इंग्रज सरकारने १८९५ मध्ये उच्च सन्मान दिला आणि १९०० मध्ये महाराजा हे बिरुद वंशपरंपरेने मान्य केले. आज त्यांपैकी कोणतेही त्यांच्या नावापुढे लोकांच्या तोंडी नाही. जे आहे ते राजर्षी, आणि ते १९१९ साली कानपूर येथे कूर्मी क्षत्रिय महासभेने, म्हणजे शेतकरी समाजाच्या एका परिषदेने, अर्पण केलेले आहे. त्यामागे ना सनद होती ना शिक्का. स्वतः महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या राज्यातील कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले होते. पदाची वंशपरंपरा तोडणाऱ्या राजाला वंशाने न मिळणारी पदवी मिळावी, यात औचित्य आहे.

पदव्यांचा शेवट कायद्याने झाला. जपानमध्ये ३ मे १९४७ रोजी नवे संविधान अमलात येताच काझोकु वर्ग संपला. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने सैनिकी आणि विद्याविषयक मान वगळता राज्याने किताब देण्यास मनाई केली, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले. पद्म सन्मान हे किताब आहेत काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते नावाला जोडले न गेल्यास किताब नव्हेत, असा निर्णय १९९५ मध्ये झाला. नावाला जोडणे हेच किताबाचे लक्षण ठरवणारा हा निकष या विषयाच्या अभ्यासकांना फार उपयोगी आहे.

कारण कायद्याने गेलेल्या पदव्या नावांत, गावांत आणि हुद्द्यांत शिल्लक राहिल्या. कापशी आजही सेनापती कापशी आहे. पाटील, देशमुख, चौगुले, फडणीस, चिटणीस, सबनीस ही कोल्हापूर भागातील नित्याची आडनावे आहेत, आणि संस्कृत सेनापतीने ज्याची जागा घेतली तो सरनोबत ऑलिंपिक नेमबाज राही सरनोबत यांच्या नावातून जगाच्या गुणफलकांवर पोहोचला. चिनी इतिहासकार सिमा च्येन याचे सिमा हे आडनाव घोडदळ व सैन्य पाहणाऱ्या प्राचीन मंत्रिपदाचेच आहे. हौ हे आज सर्वसामान्य चिनी आडनाव आहे, तर गोंगसुन म्हणजे गोंगचा नातू. जपानी शेतकऱ्यांच्या मुलांच्या नावांत एमोन आणि ह्योए ही राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची पदनामे शतकानुशतके चालत आली. हुद्द्यांची घसरण त्याहून वेगळी. चीनमध्ये दाफू हा वरिष्ठ अमलदार होता, आज बोलीभाषेत त्याच अक्षरांनी लिहिलेला दायफू म्हणजे डॉक्टर. मराठी मुलखात सुभेदार एका सुभ्याचा कारभार पाही आणि शिवकाळातील किल्ल्यावर हवालदार हा मुख्य अधिकारी असे. कळंबा येथील मध्यवर्ती कारागृहात आज हे दोन्ही शब्द पहारा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हुद्द्यांसाठी चालतात.

या विषयावर व्हावयाचे काम अजून बरेच आहे. चिनी आणि जपानी पदव्यांचे कोश, त्यांत प्रत्येक पदवीची पायरी, वारसाचा नियम आणि कालमर्यादा नोंदवून, केव्हाच सिद्ध झाले आहेत. करवीरसाठी असा कोश करायचा तर केवळ शब्दार्थ देऊन भागणार नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांतून सनदा, नजराण्याच्या नोंदी, मानपानाच्या याद्या आणि दसऱ्याच्या स्वारीचे क्रम एकत्र करून प्रत्येक किताबासमोर त्याची बैठक, त्याची निशाणी आणि त्याचे घराणे मांडावे लागेल. मोडी वाचणारे तरुण अभ्यासक तयार होत आहेत तोवर हे काम हाती घेतले पाहिजे, आणि त्याची सुरुवात बावडा, विशाळगड व कापशी या तीन घराण्यांपासून व्हावी, कारण शिवकालीन संस्कृत पद, जिंजीकालीन नवे पद आणि फारसी किताब यांचे थर तेथे सर्वांत स्वच्छ दिसतात.